व्याह्यांशी मी इंडोनेशियन बोललो

माझ्या मुलाचं लग्न मोडता मोडता राहिलं. ते मोडायला निघालं माझ्यामुळे, आणि राहिलं तेही माझ्यामुळेच, असं मी लोकांना सांगतो. यातलं पहिलं वाक्य सगळ्यांना पटतं. दुसरं वाक्य सुरू झालं, की आमच्या घरातली माणसं खोलीतून उठून जातात.

मी रफीक. मूळचा दाभोळ खाडीकडचा. गेली पंचवीस वर्षं राहायला उम्म अल कुवैनला आणि नोकरीला हमरिया फ्री झोनमध्ये, एका पॅकेजिंग कंपनीत डिस्पॅच मॅनेजर. (उम्म अल कुवैन म्हणजे दुबईतली माणसं जिथे 'एकदा नक्की यायचंय हं तुमच्याकडे' म्हणतात आणि कधीच येत नाहीत, ते गाव.) मुलगा झुबेर दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात कामाला. त्याच टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर रत्ना नावाची इंडोनेशियन मुलगी अकाउंट्स बघायची. दोघांची ओळख लिफ्टमध्ये झाली.

"लिफ्ट बंद पडली होती काय?" माझ्या बायकोनं, नसीमनं विचारलं.

"नाही अम्मी."

"मग एवढ्या वेळात ओळख कशी होते?"

"अम्मी, चौतीस मजले आहेत!"

रत्ना घरी आली, नसीमच्या पाया... म्हणजे नसीमचा हात हातात घेऊन तिनं तो कपाळाला लावला, आणि प्रकरण तिथेच खलास. नसीमनं त्या दिवसापासून झुबेरला बाजूला सारून रत्नालाच फोन करायला सुरुवात केली. मुलगी मुसलमान, शिकलेली, हळू बोलणारी. राहिले होते फक्त तिचे आईवडील. ते जावा बेटावरच्या सोलो नावाच्या शहरात राहायचे. वडील पाक हार्तोनो हे शाळेचे निवृत्त हेडमास्तर, आई बू वाती. ('पाक' म्हणजे आदरानं वडिलांसारखा माणूस, आणि 'बू' म्हणजे आई. नसीमला हे कळेपर्यंत ती दोन दिवस "ते पाकिस्तानात कशाला राहतात?" असं विचारत होती.) दोघं मक्केला उमरा करून परत जाताना दुबईत दोन दिवस थांबणार होते. शनिवारी दुपारी आमच्याकडे जेवण, रविवारी संध्याकाळी विमान. बोलणी काय ती त्या जेवणातच.

आता इथे माझ्या स्वभावाचा एक दोष सांगायला हवा. मला भाषा येतात असं मला वाटतं. कोकणी, मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी आणि ट्रॅफिक पोलिसापुरती अरबी, एवढ्यावर मी पंचवीस वर्षं काढली होती. त्यात रत्नानं एकदा सहज सांगितलं, की त्यांच्याकडे भाषेला 'बहासा' म्हणतात, नावाला 'नामा', गुरूला 'गुरु' आणि बायकोला 'इस्त्री'.

"ही तर आपलीच भाषा!" मी ओरडलो. "नसीम, ऐकलंस का? तिकडे बायकोला इस्त्री म्हणतात!"

"बरोबरच आहे," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "दिवसभर तापलेली असते."

मी ठरवून टाकलं. व्याह्यांशी बोलणी इंडोनेशियनमध्येच करायची. मनापासून मनापर्यंत, मध्ये कुणी नको.

रत्ना म्हणाली, "अंकल, मी थोडे पोलाइट वर्ड्स शिकवू का?"

"नो नो! सरप्राइज!"

"ओके अंकल," असं म्हणून ती हसली. (जावाच्या माणसानं 'ओके' म्हणून तसं हसणं म्हणजे 'अल्ला सगळ्यांचं रक्षण करो' असा अर्थ असतो, हे मला फार उशिरा कळलं.)

गुरू माझ्या शेजारीच होता. आमच्या गोदामाला लागून एक यार्ड आहे, तिथला फोरमन आगुस. इंडोनेशियाचाच, पन्नाशीचा, तगडा. त्याचा आवाज फोर्कलिफ्टच्या हॉर्नवरून ऐकू यायचा. रोज चारच्या चहाला मी वही घेऊन त्याच्याकडे जायचो.

"आगुस, तुम लोगों को बैठने को क्या बोलता?"

"दुदुक!" आगुस गरजायचा. पलीकडे दोन माणसं खरोखरच खाली बसायची.

"और अंदर आने को?"

"मासुक!"

"और खाने को?"

"माकान!"

'तुम्ही'ला काय म्हणता विचारल्यावर 'कामु' म्हणाला. मी सगळं मराठीत उतरवून घेत होतो. महिन्याभरात माझी अर्धी वही भरली. उच्चार तर इतके पक्के झाले, की मी एकदा यार्डात नुसतं 'आंगकात!' म्हणालो, तर चौघांनी मिळून एक पेटी उचलली. भाषा येते म्हणजे आणखी काय असतं?

शनिवार उजाडला. नसीम पहाटेपासून राबत होती. नारळाच्या दुधातली कोळंबी, तळलेलं पापलेट, तांदळाची भाकरी, आणि शेवटी तिची खासियत, घावणे आणि नारळाचा गोड रस. मी घरात फर्मान काढलं : आज कुणीही भाषांतर करायचं नाही.

"अब्बा, प्लीज, जस्ट स्पीक इंग्लिश," आमची पंधरा वर्षांची सना म्हणाली.

"बेटा, ते सोलोचे साधे लोक. इंग्लिशमध्ये त्यांना परकं वाटेल."

बेल वाजली. दारात झुबेर, रत्ना, आणि त्यांच्यामागे दोन लहानखुरी, टापटीप माणसं. पाक हार्तोनोंच्या अंगात बाटिकचा शर्ट, बू वातींच्या डोक्याला मोतिया रंगाचा स्कार्फ. दोघांनी हात जोडून छातीशी नेले, किंचित वाकले. इतकी नाजूक माणसं मी कधी पाहिली नव्हती. मी श्वास भरून घेतला आणि आगुसच्या आवाजात म्हणालो,

"मासुक!"

दोघं पटकन आत आली. बू वाती गालिच्यावर पाय ठेवणार, तेवढ्यात मला आठवलं, की गालिच्याची ती कड सरकते. सांभाळा म्हणायला शब्दही तयार होता.

"आवास!"

(यार्डात क्रेनवरून पेटी सुटली, की हा शब्द ओरडतात.) बू वातींनी उडी मारून नवऱ्याला मिठी घातली. दोघंही एकदम छताकडे बघू लागले. मी सोफ्याकडे बोट केलं. "दुदुक!" दोघं बसली. शाळेत पहिल्या दिवशी मुलं बसतात तशी, गुडघ्याला गुडघा लावून.

"बघितलंस?" मी झुबेरच्या कानात म्हणालो. "एक एक शब्द कळतोय त्यांना."

नसीमनं चहा आणला, वड्या आणल्या, नानखटाई आणली. पाहुणे हसून चहाकडे बघत बसले. हात मांडीवर. पाच मिनिटं गेली, दहा गेली. चहावर साय धरली.

नसीमनं मला दाराशी बोलावलं. "पीत का नाहीत वो? साखर कमी झाली काय?"

"उमऱ्याहून आलेत. दूध सोडलं असेल."

तो चहा गेला, बिनदुधाचा सुलेमानी आला. पुन्हा तेच. हसणं, हात मांडीवर, कपातून वाफ. त्यांच्याकडे यजमानानं 'घ्या ना' म्हटल्याशिवाय पाहुणा कपाला हात लावत नाही, आणि या 'घ्या ना'साठी 'सिलाकान' असा एक गोड शब्द आहे. तो माझ्या वहीत नव्हता. यार्डात कोण कुणाला 'घ्या ना' म्हणणार? शेवटी माझा धीर सुटला.

"मिनुम!" मी म्हणालो. पी!

दोघांनी कप उचलले आणि गरम चहा एका दमात संपवला. पाक हार्तोनोंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, भावना!

रत्ना हळूच म्हणाली, "अंकल, ॲक्चुअली माय फादर..."

मी हात वर केला. "नो ट्रान्सलेशन!"

बिचारी गप्प बसली. थोरांच्या मध्ये बोलायचं नाही हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. आमच्या झुबेरला आम्ही तेच शिकवलं होतं, पण तो टेबलाखालून मला पाय मारत होता.

जेवायला बसलो. "माकान!" म्हटल्यावर त्यांनी खायला घेतलं. मी कोळंबी वाढली. पाक हार्तोनो ताटावर हलकेच हात धरून म्हणाले, "तेरिमा कासिह." हा शब्द मला ठाऊक होता : आभारी आहे! म्हणजे आवडलं. मी आणखी वाढली. "तेरिमा कासिह, पाक." आणखी. मी वाढतोय, ते आभार मानतायत, मी वाढतोय! बू वातींच्या ताटात पापलेटाचे तीन तुकडे झाले, तसं त्यांनी घास घेणंच थांबवलं. तेव्हा मी आगुसचा आणखी एक शब्द वापरला, कामाची पाळी संपताना तो कामगारांना जो म्हणतो तो : "हाबिस्कान!" संपव! आणि त्या माउलीनं डोळे मिटून ते तिन्ही तुकडे संपवले.

मग आले घावणे. पाक हार्तोनोंनी त्या पांढऱ्या जाळीदार पातळ चकतीकडे कुतूहलानं बघत विचारलं, "इनि आपा, पाक?" हे काय आहे?

आता घावण्याला इंडोनेशियनमध्ये काय म्हणायचं? पण डोसा तर साऱ्या दुबईला माहीत आहे! मी आत्मविश्वासानं म्हणालो, "इनि दोसा!"

त्यांचा हात हवेतच थांबला.

त्यांना नीट कळलं नसावं म्हणून मी विस्तारानं सांगितलं. नसीमकडे बोट दाखवून म्हणालो, "इस्त्री साया बिकिन दोसा तियाप हारि!" माझी बायको रोज करते! मग त्यांच्या ताटात दोन टाकले. "दोसा एनाक! कामु माउ दोसा?" फार चविष्ट असतो, तुम्हाला हवा ना?

बू वातींनी छातीवर हात ठेवला आणि पुटपुटल्या, "अस्तगफिरुल्ला." (म्हणजे 'अल्ला, माफ कर'. आमच्याकडे पोट फुटेस्तोवर जेवल्यावर बायका हेच म्हणतात. मी खूश.) रत्नाला पाणी पिताना असा ठसका लागला, की सना तिची पाठ चोळत बसली. नसीमला वाटलं, तिच्या हातचं नाव निघतंय. ती पदर सारखा करून लाजत हसली. ते हसणं बघून बू वातींनी मान खाली घातली.

जेवण आटोपलं. बायका आणि मुली भांडी घेऊन आत गेल्या. बाहेर राहिलो आम्ही तिघं, मी, झुबेर आणि पाक हार्तोनो. हीच ती वेळ. महिनाभर मी या वाक्यासाठी वही भरली होती. मागणी घालायला त्यांच्याकडे काही खास शब्द असतीलही, पण आमच्या यार्डात काय लागतं? काय हवं आणि कधी पाठवणार, एवढंच.

मी पुढे सरकून, त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणालो, "साया माउ आनाक कामु." मला तुमची मुलगी हवी.

पाक हार्तोनो हसले. पण ते हसणं जरा वाकडं होतं.

"कापान किरिम?" मी विचारलं. कधी पाठवता?

"अब्बा," झुबेर दातांत म्हणाला, "व्हॉट आर यू सेइंग?"

पाक हार्तोनो जरा ताठ बसले. मग अगदी मऊ आवाजात एक लांब वाक्य बोलले. त्यातला मला एकच शब्द कळला. 'इन्शाल्ला'.

गल्फमध्ये पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला इन्शाल्लाचे अर्थ कुणी शिकवावे लागत नाहीत. एसी दुरुस्तीवाला 'बुकरा', म्हणजे उद्या, 'इन्शाल्ला' म्हणाला, की आपण पंखा विकत आणतो. ट्रक दोन वाजता येईल का? इन्शाल्ला. म्हणजे नाही! माझ्या पोराला हे माणूस हसत हसत 'नाही' म्हणत होतं. मी सरळ विचारलं, "या आताउ तिदाक?" हो की नाही?

पाक हार्तोनो आमच्या खिडकीकडे वळले. "गोर्देन बागुस," ते म्हणाले.

पडदे छान आहेत.

मुलाच्या लग्नाचा प्रश्न विचारला, आणि माणूस पडद्यांबद्दल बोलतो! मी मागे टेकून बसलो. दहा मिनिटांत पाहुणे उठले. दोघांनी पुन्हा वाकून हात जोडले. झुबेर त्यांना गाडीनं हॉटेलवर सोडायला गेला. रत्ना जाताना नसीमच्या गळ्यात पडली, आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

"नकार दिला," मी म्हणालो. "काय कमी केलं होतं आपण?"

नसीम पाच मिनिटं रडली आणि मग चिडली. "एवढे घावणे खाल्ले आणि नकार? तोंडावर तर सारखे आभार मानत होते!"

संध्याकाळी सनाच्या फोनवर रत्नाचा मेसेज आला. लांबलचक. सनानं तो वाचला आणि तिचा चेहरा हसू आणि भीती यांच्या मध्ये कुठेतरी अडकला.

"अब्बा," ती म्हणाली, "यू डिडन्ट से 'प्लीज सिट'. यू सेड 'सिट!' लाइक टू अ डॉग."

"काय?"

"अँड 'ड्रिंक!' अँड 'फिनिश इट!' आणि सगळ्यांना 'तू' म्हणालात. तिच्या बाबांना आजपर्यंत त्यांचे प्रिन्सिपलसुद्धा 'तू' म्हणाले नव्हते."

"पण आभार? ते सारखे आभार मानत होते!"

"वाढताना हात धरून तेरिमा कासिह म्हणणं म्हणजे 'नो थँक यू', अब्बा. ही वॉज बेगिंग यू टू स्टॉप."

मी खुर्चीत बसलो. सना नसीमकडे वळली. "अम्मी, तू पण बस."

"मी कशाला?"

"दोसा म्हणजे डोसा नाही. इंडोनेशियनमध्ये दोसा म्हणजे सिन. गुनाह. पाप." सनानं फोनवर बघत वाचलं. "अब्बा सेड, धिस इज सिन. माय वाइफ कमिट्स सिन एव्हरी डे. सिन इज डिलिशस. डू यू वॉन्ट सम?"

नसीम आता खाली बसली.

"आणि मी लाजले!" नसीम किंचाळली. "या अल्ला! ती बाई काय समजली असेल! मी पदर सारखा केला वो! काल काबागृहासमोर सगळे गुनाह माफ करून घेऊन आलेली माणसं, आणि तुम्ही त्यांच्या ताटात..."

मी तिथल्या तिथे आगुसला फोन लावला. "आगुस! तुम मेरे को क्या सिखाया?"

"सर," आगुस म्हणाला, "तुम पूछा मैं लेबर को क्या बोलता. मैं वही बोला. तुम पूछता समधी को क्या बोलने का, तो मैं दूसरा बोलता!" त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. मी त्याला कशासाठी शिकतोय, हे सांगितलंच नव्हतं. मला वाटलं होतं, भाषा एकच असते.

झुबेर परत आला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी त्याच्यामागे गेलो. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "ती रडतेय, अब्बा. तिचे पेरेंट्स काहीच बोलत नाहीत. नुसते हसतात." पंचवीस वर्षांचा असून त्याचा आवाज लहानपणी सायकल चोरीला गेली होती तेव्हासारखा झाला होता.

रविवारी सकाळी मी एकटाच दुबईला निघालो. झुबेर म्हणत होता, "अब्बा, प्लीज डोन्ट." नसीम म्हणाली, "जाऊ दे त्यांना. आणखी बिघडायचं काय राहिलंय?" आगुसनं आदल्या संध्याकाळी फोनवर मला माफीचं वाक्य दिलं होतं, यार्डातलं नव्हे, घरातलं. "मोहोन माआफ, पाक. साया मासिह बलाजार." माफ करा, मी अजून शिकतोय. आवाज खाली, मान खाली, उजवा हात पुढे. पूर्ण रस्ताभर मी पाठ करत होतो. 'मोहोन माआफ' सोपं होतं. मोहन नावाच्या माणसाला माफ करा, असं डोक्यात धरलं. 'बलाजार'साठी मी नवी मुंबईतलं बेलापूर धरलं. मोहन, बेलापूर. मोहन, बेलापूर.

देरा भागातल्या त्या हॉटेलच्या लॉबीत दोघं नाश्त्याला बसली होती. मला बघून ताडकन उभी राहिली. (मी 'दुदुक' म्हणेन या भीतीनं असेल.) मी मान खाली घातली, आवाज खाली घेतला, उजवा हात पुढे केला, डोळ्यांपुढे बेलापूर आणलं आणि म्हणालो,

"मोहोन माआफ, पाक. साया मासिह लापार."

पाक हार्तोनोंनी बू वातींकडे बघितलं. बू वाती लगबगीनं काउंटरकडे गेल्या आणि ताट भरून घेऊन आल्या. ऑम्लेट, पाव, फळं, चीज. माझ्यापुढे ठेवून हळूच म्हणाल्या, "सिलाकान, पाक."

लापार म्हणजे भुकेलेला. माफ करा, मला अजून भूक आहे, असं सांगायला मी साठ किलोमीटर गाडी चालवत आलो होतो.

खाण्यावाचून इलाज नव्हता. मी मुकाट्यानं ऑम्लेट खात होतो, आणि डोळ्यांत पाणी येत होतं. तेवढ्यात पाक हार्तोनोंनी रुमालानं तोंड पुसलं आणि अतिशय स्वच्छ, पुस्तकी इंग्रजीत विचारलं, "मिस्टर रफीक, आपण इंग्रजीत बोललो तर तुम्हाला थोडं सोपं जाईल का?"

माझ्या हातातला काटा बशीत पडला.

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"हेडमास्तर होण्याआधी मी इंग्रजीच शिकवायचो."

"मग काल का नाही बोललात?"

ते अवघडले. "तुम्ही एवढे कष्ट घेत होतात. मध्येच इंग्रजी बोललो असतो, तर तुमचं इंडोनेशियन आम्हाला कळत नाही असं झालं असतं. ते बरं दिसलं नसतं." रत्ना 'माय फादर...' म्हणाली होती ते हेच सांगायला, आणि मी हात वर केला होता.

मग मी सगळं सांगितलं. आगुस, यार्ड, वही, डोसा. डोशाचं कळल्यावर त्यांनी बू वातींना ते इंडोनेशियनमध्ये सांगितलं. बू वातींनी स्कार्फचं टोक तोंडावर धरलं. खांदे हलायला लागले. मग ती बाई लॉबीत सगळ्यांसमोर हसत सुटली, थांबेचना. पाक हार्तोनोही हसले, कालच्यासारखं वाकडं नव्हे, दात दाखवून. कॉफी देणारी मुलगी कुतूहलानं जवळ आली.

"काल रात्री ही मला विचारत होती," पाक हार्तोनो म्हणाले, "की अशा घरात आपली मुलगी कशी राहील. मी म्हटलं, हा माणूस बोलला ते सगळं चुकीचं होतं. पण तीन तास चुकत राहिला आणि थांबला नाही. आपल्या मुलीसाठी परक्या भाषेत एवढा वेळ कोण चुकतं?"

"पण तुम्ही तर नकार दिलात."

"कधी?"

"इन्शाल्ला म्हणालात!"

त्यांनी गोंधळून माझ्याकडे बघितलं. "आमच्याकडे इन्शाल्ला म्हणजे अल्लाची मर्जी असेल तर होईलच. घरच्यांशी बोलून कळवतो, एवढंच म्हणालो होतो. इकडे त्याचा काय अर्थ होतो?"

मी नुकताच उमरा करून आलेल्या माणसाला गल्फमधला इन्शाल्लाचा अर्थ सांगितला नाही. तेवढी सभ्यता मला त्या क्षणी सुचली.

"आणि पडदे?" मी विचारलं.

"पडदे खरंच छान होते," ते म्हणाले. "शिवाय तुम्ही 'हो की नाही' असं विचारल्यावर मला दुसरं काही सुचेना."

मी लॉबीतूनच झुबेरला फोन केला. "हो म्हणाले!" तो म्हणाला, "अब्बा, आर यू शुअर? ते नक्की काय म्हणाले, एक्झॅक्ट वर्ड्स सांगा." मुलाचा बापावरचा विश्वास असा असतो. मी फोन पाक हार्तोनोंच्या हातात दिला.

लग्न सोलोमध्ये झालं. छान झालं. मला भाषण करायचं होतं, ते रत्नाच्या मामानं केलं. नसीम आणि बू वाती दिवसभर हातात हात घालून फिरत होत्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, आणि दोघींचं सगळं ठरत होतं. मी मात्र परत आल्यावर जिद्दीनं पाक हार्तोनोंकडे व्हिडिओ कॉलवर शिकवणी लावली. दर रविवारी एक तास. 'कृपया', 'जरा', 'शक्य असेल तर', सगळं पहिल्यापासून. सहा महिने मी एक रविवार चुकवला नाही.

गेल्या महिन्यात मी धीर करून विचारलं, "पाक, खरं सांगा. आता माझी इंडोनेशियन कशी आहे?"

ते प्रेमानं हसले आणि म्हणाले, "लुमायान, पाक. लुमायान."

काय तो शब्द! कसा भरदार! मी तो वहीत मोठ्या अक्षरांत लिहिला. घरात सगळ्यांना सांगितला. ऑफिसात सांगितला. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकला. दोन आठवडे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होतो, की खुद्द हेडमास्तरांनी मला लुमायान म्हटलंय. मग एक दिवस रत्ना घरी आली, तिनं स्टेटस पाहिलं आणि ओठ दाबून उभी राहिली.

"काय झालं?" मी विचारलं. "लुमायान म्हणजे उत्तमच ना?"

"अब्बा," ती अगदी हळू, अगदी आदरानं म्हणाली, "लुमायान म्हणजे... काहीच नसण्यापेक्षा बरं."